कमलाबाई सोहोनींनी नक्की शोधलं काय? आठवीतल्या मुलीला सांगायचंय

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. लेक आठवीत आहे, मराठी माध्यम. शाळेत विज्ञान मंडळाचा कार्यक्रम आहे आणि प्रत्येकाने एका भारतीय शास्त्रज्ञावर सहा मिनिटं बोलायचंय. चिठ्ठ्या काढल्या त्यात हिला कमला सोहोनी आल्या. आधी जरा हिरमुसली कारण मैत्रिणीला कलाम आलेत, पण मी सांगितलं की या दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण, आणि गूगलने सुद्धा 2023 मधे 18 जूनला त्यांचं डूडल केलं होतं, तेव्हा जरा उत्साह आला.

तर आम्ही दोघींनी बसून चार-पाच ठिकाणी वाचलं आणि सगळीकडे तीच गोष्ट. 1933 ला मुंबई विद्यापीठातून बीएससी, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे अर्ज, तिथले तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांचा नकार कारण मुलगी आहे म्हणून, मग ऑफिसबाहेर सत्याग्रह, मग अटी घालून प्रवेश, मग केंब्रिज, मग पीएचडी. की संपलं. हे सगळं वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, पण त्यांनी शोधलं काय?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं हो. एक ओळ सापडली, बटाट्यात सायटोक्रोम सी. आणि नीरेवर काम. मी कॉमर्सची, मला सायटोक्रोम म्हणजे काय हे सुद्धा माहीत नाही, आणि बटाट्यात ते सापडलं तर त्याचं एवढं काय, हे तिला काय सांगू?

दुसरं म्हणजे रामनांची गोष्ट सांगावी का, किती सांगावी. फेब्रुवारीत याच मुलांनी विज्ञान दिनाला रामनांचं चित्र काढून भिंतीवर लावलंय.

आणि तिसरं, तिला काहीतरी करून दाखवायचंय. एका व्हिडिओत बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो असं दाखवलंय, तेच सायटोक्रोम का? कोणी बायोकेमिस्ट्रीवाले असतील तर प्लीज साध्या भाषेत सांगा.

रात्रपाळी

अबोलीताई, आधी रामनांच्या गोष्टीबद्दल लिहिते कारण तो विषय माझ्या फार जवळचा आहे. सांगाच. अजिबात गाळू नका.

त्या अटी काय होत्या ते बघा. पहिलं वर्ष प्रोबेशनवर, म्हणजे नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही, काम समाधानकारक वाटलं तरच पुढे मान्यता. गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत सुद्धा काम करायचं. आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे तिथल्या मुलग्यांचं लक्ष विचलित होईल असं काही करायचं नाही. तिने काय केलं होतं असं? नुसतं असणं हेच कारण! आणि ही मुलगी कोण, तर जिचे वडील आणि काका दोघेही त्याच इन्स्टिट्यूटमधे रसायनशास्त्र शिकलेले, घरात केमिस्ट्री रोजच्या बोलण्यात, बीएससीला उत्तम मार्क. तिच्यासाठी ते नकाराचं पत्र किती अनपेक्षित असेल विचार करा. तिने त्यांना तोंडावर विचारलं की मी मुलगी आहे याशिवाय नकाराचं कारण काय, आणि उठून गेली नाही.

मी स्वतः पीएचडी केली त्याला पंधरा वर्षं होतील. एका लॅबमधे (नाव लिहीत नाही) मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की लग्न झाल्यावर रात्री इन्क्युबेटर कोण बघणार. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला नाही विचारलं. तेव्हा मला कमलाबाईंची गोष्ट माहीत होती आणि खरं सांगते त्या गोष्टीचा आधार वाटला मला, म्हणून म्हणते की आठवीतल्या मुलींना ती ऐकू दे. माझं नाव इथे रात्रपाळी आहे ते त्या अटीवरूनच घेतलंय.

रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते हे खरंच आहे आणि ते तसंच सांगावं. एक वर्षानंतर त्यांनी तिचं काम बघून मान्यता दिली आणि तिथून पुढे मुलींना प्रवेश मिळायला लागला हेही सांगावं. पण कमलाबाई म्हातारपणी सुद्धा जाहीरपणे म्हणाल्या होत्या की तो माझा मोठा अपमान होता आणि मी तो विसरू शकत नाही. साठ वर्षं उलटली तरी! त्यामुळे "शेवटी सगळं गोड झालं" अशा सुरात कृपया नको.

प्रयोगवही

अबोली, तुझ्या लेकीने अगदी योग्य प्रश्न विचारलाय, तिला माझ्यातर्फे शाबासकी दे. मी बायोकेमिस्ट्री शिकवत होते, आता निवृत्त. दरवर्षी विद्यार्थ्यांना कमलाबाईंबद्दल सांगायचे आणि दरवर्षी मुलांना सत्याग्रह लक्षात राहायचा आणि बटाटा विसरला जायचा, त्याचं मला फार वाईट वाटायचं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मोठं होईल.

सायटोक्रोमपासून सुरू करू. घराच्या स्लॅबचं काम बघितलंय ना तिने? खालपासून वरपर्यंत माणसांची रांग असते आणि घमेलं हातोहात वर जातं. आपल्या पेशीत तंतुकणिका असतात (तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेल हा शब्द), तिथे अशीच रांग असते, फक्त घमेल्यात इलेक्ट्रॉन. आपण खाल्लेल्या अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा जातो आणि शेवटी ऑक्सिजनच्या हातात पडतो, आणि त्या ऑक्सिजनचं पाणी होतं. वाटेत जी ऊर्जा सुटते ती पेशी साठवून घेते, त्यावर आपण चालतो बोलतो. आपण श्वास घेतो तो या रांगेच्या शेवटच्या टोकाला ऑक्सिजन पुरवायला, एवढंच. सायटोक्रोम सी हा या रांगेतला शेवटून दुसरा गडी. छोटंसं प्रथिन, शंभराच्या आसपास अमिनो आम्लांचं, आणि त्याच्या पोटात लोहाचा एक अणू, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधे असतो तशाच प्रकारच्या चौकटीत बसवलेला. तो लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याला देतो, जो शेवटचा गडी म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायनाइड खाल्ल्यावर माणूस मरतो ना, ते हा शेवटचा गडी अडवल्यामुळे. रांगच थांबते.

आता बटाटा. झाडं ऑक्सिजन सोडतात हे मुलांना पाठ असतं पण झाडं श्वासही घेतात हे डोक्यात बसत नाही. बटाटा तर हिरवाही नाही, जमिनीखाली वाढतो, उन्हाशी संबंध नाही, आणि काढून पोत्यात भरल्यावर सुद्धा तो जिवंत असतो आणि श्वास घेत असतो. म्हणून तर बटाट्याच्या वखारीत हवा खेळती ठेवायला लागते. पण तो श्वास कोणत्या यंत्रणेने घेतो? हा 1930 च्या दशकात खरा वादाचा प्रश्न होता. केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिनने 1925 मधे दाखवलं होतं की सायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य प्राण्यांत, यीस्टमधे आणि झाडांतही दिसतं. पण दिसणं वेगळं आणि ते तिथे खरंच श्वसनाचं काम करतं हे दाखवणं वेगळं. बटाट्याच्या बाबतीत तर काही संशोधकांचं मत होतं की श्वसन दुसरंच एक विकर (एन्झाइम) करतं, तेच जे बटाटा चिरून ठेवला की त्याला काळं पाडतं. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. ते बटाट्यात भरपूर असतं आणि ऑक्सिजनही खातं, त्यामुळे संशय त्याच्यावर जाणं साहजिक होतं.

आणि इथेच कामातली अडचण बघ. बटाटा वाटला की तो काळा पडतो, हे तुला मला स्वयंपाकघरातून माहीत आहे, म्हणून आपण चिरलेल्या फोडी पाण्यात टाकतो. तसं वाटण प्रयोगशाळेत घेतलंस तर त्यातली नाजूक प्रथिनं त्या काळ्या पडण्याच्या भानगडीत बिघडून जातात. प्राण्याच्या हृदयाच्या स्नायूतून सायटोक्रोम काढणं त्या मानाने कितीतरी सोपं, तिथे ते असतं पण भरपूर. झाडाच्या पेशीत प्रथिन कमी, आम्लं जास्त, फिनॉल जास्त. त्यातून हे शोधून दाखवायचं होतं.

कमलाबाई केंब्रिजला आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे काम करत होत्या. तिथे जागा शिल्लक नव्हती तर त्याने आपलं टेबल दिलं, दिवसा तू वापर रात्री मी वापरीन म्हणाला. (बंगलोरची रात्रीची अट आठव आणि हे बघ.) रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. हे हिल म्हणजे प्रकाशसंश्लेषणातल्या 'हिल रिॲक्शन'वाले, अकरावी-बारावीला येईलच तिला. हिल वनस्पतींवर काम करायचे, कमलाबाईंनी बटाटा घेतला, आणि त्यांना त्यात सायटोक्रोम सी मिळालं, आणि वनस्पतींच्या पेशींत ते सगळीकडेच श्वसनाच्या कामात असतं असं त्यांनी मांडलं. हिल आणि भागवत (हे कमलाबाईंचं माहेरचं नाव) अशा दोन नावांनी 1939 मधे 'नेचर'मधे सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर छोटा लेख आला. म्हणजे रांगेतला शेवटचा गडीही झाडांत आहे हे दाखवलं.

लेकीला एका वाक्यात सांगायचं तर असं सांग, बटाटा, यीस्ट, मधमाशी आणि माणूस, सगळे आतून एकाच पद्धतीने श्वास घेतात, हे पक्कं करण्यात कमलाबाईंचा हात आहे. मला अजूनही हे लिहिताना अंगावर काटा येतो.

प्रबंध किती पानांचा होता माहितीये? चाळीस. केंब्रिजला पोचल्यापासून 14 महिन्यांत सादर केला. बाकीच्यांचे जाडजूड असायचे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं नेमकं असतं त्याला चाळीस पानं पुरतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना डोळे वटारून सांगायचे.

पेरॉक्साइडचं: नाही, तो फेस सायटोक्रोमचा नाही. तो कॅटालेज नावाच्या विकराचा, जे पेरॉक्साइड फोडून त्यातून ऑक्सिजन सोडतं. पण गंमत अशी की कॅटालेजच्या पोटात सुद्धा तीच लोहाची चौकट असते, म्हणजे दोघं भावकीतलेच. तेव्हा प्रयोग जरूर करू दे, फक्त "हे बघा सायटोक्रोम" असं म्हणू देऊ नकोस, "सायटोक्रोमच्या भावकीतलं एक विकर" असं म्हणू दे. औषधाच्या दुकानात मिळतं ते 3 टक्क्यांचंच घे आणि बाईंना आधी विचारून ठेव.

जुना_कंपास

वा, प्रयोगवही ताई. इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं.

एक मुद्दा मात्र. भाषणात "विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री" असं वाक्य येणारच, सगळीकडे तेच छापलेलं आहे. पण जानकी अम्मल यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डीएससी 1931 सालीच मिळालेली आहे, वनस्पतीशास्त्रात, उसावरचं त्यांचं काम प्रसिद्धच आहे. आता डीएससी आणि पीएचडी वेगळ्या असं म्हणून 'पहिली' शाबूत ठेवता येतं, पण परीक्षकांत कोणी केरळचं किंवा जाणकार निघालं तर मुलगी उगाच गोंधळेल. "1939 साली केंब्रिजची पीएचडी" एवढं म्हटलं तरी पुरेसं भारी आहे. पहिल्या असण्याने काम मोठं होत नाही असं माझं मत.

आणि केंब्रिजबद्दल अजून एक. आपण असं समजतो की बंगलोरला अंधार आणि विलायतेत उजेड. केंब्रिजमधे 1921 पासून बायकांना पदवीचा नुसता किताब द्यायचे, विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व नाही, ते मिळालं 1948 ला. म्हणजे कमलाबाई न्यूनम कॉलेजच्या, पदवी 1939 ची, आणि तरी त्या विद्यापीठाच्या पूर्ण सभासद नव्हत्या! फरक होता तो माणसांचा. त्या विभागाचे प्रमुख फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामासाठी 1929 चं नोबेल मिळालेले, त्यांच्या विभागात बायका खरंच कामाला असायच्या, मार्जरी स्टीफनसन त्यांच्याकडच्याच, ज्या पुढे 1945 मधे रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री फेलोंपैकी एक झाल्या. कमलाबाईंना हॉपकिन्सकडे काम करायची स्कॉलरशिप मिळाली ती या वातावरणात.

रात्रपाळी, तुम्ही रामनांबद्दल लिहिलंत ते पटलं. त्यात एक जोडतो, अ‍ॅना मणी. 1940 मधे रामनांच्या लॅबमधे आल्या, हिरे आणि माणकांवर वर्णपटाचं काम केलं, 1945 ला प्रबंध दिला आणि एमएससी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएचडी दिलीच नाही. त्या पुढे हवामानखात्यात केवढ्या मोठ्या झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कमलाबाईंनी दार उघडलं पण ते सताड उघडलं असं नाही, नुसतं किलकिलं झालं.

रात्रपाळी

किलकिलं हा शब्द अगदी बरोबर.

आणि प्रयोगवही ताई, टेबलाचा किस्सा मला माहीत होता पण बंगलोरच्या अटीशेजारी ठेवून कधी बघितला नव्हता. एकीकडे रात्र तिच्यावर लादलेली आणि दुसरीकडे त्याने रात्र स्वतःकडे घेतली.

माडवाला_डहाणू

नीरेबद्दल मी सांगतो, आमच्या भागातला विषय आहे. घरचे शिंदीचे आणि ताडाचे झाड होते, आजोबांकडे परवाना होता.

नीरा म्हणजे झाडाला छेव देऊन निघणारा गोड रस. संध्याकाळी मडकं बांधायचं, आतून चुना लावायचा कारण चुना असला की आंबायची क्रिया लवकर सुरू होत नाही, आणि पहाटे ऊन यायच्या आत उतरवायचं. ऊन लागलं की तासा-दोन तासात ती ताडी व्हायला लागते. लोकांना नीरा आणि ताडी एकच वाटते पण रस तोच असला तरी वस्तू दोन. सरकारी दारूबंदीच्या कायद्यात नीरेला वेगळा परवाना लागतो तो याच कारणाने, पूर्वी मुंबईत स्टेशनबाहेर नीरा केंद्रं असायची ना, सकाळी गाडीला जाताना ग्लासभर पिऊन लोक पुढे जायचे.

कमलाबाईंनी हे काम हाती घेतलं ते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून असं वाचलंय. तेव्हा त्या मुंबईला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे होत्या. त्यांच्या कामात दिसलं की नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे, आणि आटवून गूळ केला, काकवी केली तरी ते टिकतं. आदिवासी भागातल्या कुपोषित पोरांना आणि गरोदर बायकांना नीरा देऊन बघितली तर तब्येतीत फरक पडला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मला यात काय आवडतं सांगू का, आमच्याकडच्या माणसाला शहरातले लोक ताडीवाले म्हणून हिणवायचे आणि एवढी केंब्रिजची बाई आमच्या झाडाच्या रसाची बाटली घेऊन लॅबमधे बसते आणि सांगते की हे औषध आहे. आमच्या आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण बाळंतिणीला पहाटेची नीरा द्यायची ही तिची पद्धतच होती. मुलीने भाषणात हे जरूर सांगावं. जमलं तर ताडगूळाचा खडा घेऊन जावा आणि परीक्षकांना वाटावा.

अबोली_ठाणे

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. प्रयोगवही ताई, तुमचं स्लॅब आणि घमेल्याचं लेकीला एका फटक्यात कळलं, ती म्हणाली "म्हणजे सायटोक्रोम सी शेवटून दुसरा आणि ऑक्सिजन गच्चीवर." मी म्हटलं हो तसंच. माडवाला दादा, ताडगूळ मागवलाय.

आता दोन शंका. एक, केंब्रिजनंतर त्या परत का आल्या आणि नीरेपर्यंत मधे काय काय केलं? दोन, कुठेतरी "कडधान्यातल्या प्रथिनांवर काम" असं लिहिलंय, त्याचं पण साध्या भाषेत मिळालं तर बरं होईल कारण आमच्याकडे रोज उसळ असते आणि हिला ती आवडत नाही, त्यानिमित्ताने तरी खाईल.

प्रयोगवही

मधलं पटकन सांगते. 1939 ला परत आल्या, महात्मा गांधींच्या विचारांची ओढ होती आणि काम देशात करायचं हे ठरलेलं होतं. दिल्लीला लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजमधे नव्या बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख. तिथून कुन्नूरला न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत असिस्टंट डायरेक्टर, तिथे जीवनसत्त्वांवर काम. ही तीच संस्था जी 1958 ला हैदराबादला हलली आणि आता राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. 1947 ला माधव सोहोनींशी लग्न, ते विम्याच्या गणितातले तज्ज्ञ, आणि मग मुंबई. रॉयल इन्स्टिट्यूटमधे बायोकेमिस्ट्रीचा विभाग नवीन निघाला तिथे प्रोफेसर. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या पण ते पद त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं, आतल्या राजकारणामुळे आणि बाई असल्यामुळे. म्हणजे बंगलोरची गोष्ट बंगलोरला संपली नव्हती, हे लेकीने एका वाक्यात सांगितलं तर मला आवडेल.

तुला नावाबद्दल एक सांगून ठेवते कारण पुढे ती कधी मूळ लेख शोधेल. लग्नाआधीचं सगळं काम के. भागवत या नावाने आहे आणि नंतरचं के. सोहोनी. नुसतं सोहोनी शोधलं तर बटाटा सापडतच नाही. कितीतरी बायकांचं काम असं मधोमध तुटलेलं आहे.

आता कडधान्य. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात मोलाचं काम, मी सायटोक्रोमचं एवढं कौतुक केलं तरीसुद्धा. बंगलोरला श्रीनिवासय्या हे त्यांचे गाइड होते, फार कडक आणि फार चांगले शिक्षक, त्यांच्याकडे त्यांनी दूध, डाळी आणि शेंगांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं, 1936 ची एमएससी त्यावरच. म्हणजे विषय पहिल्यापासून तोच होता, ज्यांना मांसमच्छी परवडत नाही त्यांना प्रथिनं मिळतात ती डाळी-कडधान्यातून, तर ती किती मिळतात आणि किती पचतात?

मुंबईला त्यांच्या लॅबने वाल आणि डबल बी घेतली. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं कापून बारीक करतं म्हणून ती अंगी लागतात. पण कच्च्या कडधान्यांत अशी काही प्रथिनं असतात जी या ट्रिप्सिनलाच घट्ट धरून ठेवतात, कात्रीला दोरा गुंडाळावा तशी, मग कात्री चालत नाही. याला ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. त्यांच्या लॅबने 1950 च्या दशकात भारतीय खाद्यपदार्थांमधे हे इनहिबिटर तपासले आणि वाल आणि डबल बी यांच्यातून ते स्फटिकाच्या रूपात वेगळे काढले, 1955 ला 'नेचर'मधे छापून आलं. स्फटिक मिळणं म्हणजे ती वस्तू एकदम शुद्ध मिळाली असं समज, त्या काळातल्या साधनांवर हे फार कष्टाचं काम.

उष्णतेने हे इनहिबिटर मोडतात. म्हणून आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि नीट शिजवतो. म्हणजे वालाच्या बिरड्यामागे किती रसायनशास्त्र आहे बघ! तुझ्या लेकीला सांग की तुझ्या पानातली उसळ नेचरमधे छापून आलेली आहे, मग बघू कशी खात नाही.

जुना_कंपास

बिरड्याची गोष्ट घरी वाचून दाखवली. आमच्याकडे आज तेच आहे.

अजून थोडं राहिलं म्हणून लिहितो. आरे दूध योजनेच्या त्या सल्लागार होत्या, दुधाची प्रत कशी राखायची यासाठी. आणि मुंबईत 1966 ला नऊ बायकांनी मिळून ग्राहकांची एक संघटना काढली, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी, कमलाबाई तिच्यात खूप सक्रिय होत्या, 1982-83 मधे अध्यक्ष होत्या आणि तिच्या 'कीमत' या मासिकात लिहायच्या. तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा सुद्धा झालेला नव्हता, तो 1986 चा. दुधात पीठ मिसळलंय का हे बघायला आयोडीनचा थेंब टाकायचा, निळं झालं की पीठ आहे, अशा चाचण्या आज शाळेत करतात, ते सगळं लोकांपर्यंत पोचवणारी पहिली पिढी ही. मला वाटतं सत्याग्रह करणारी मुलगी आणि ही आजी एकच आहेत हे इथे दिसतं, पुरावा हातात घेऊन समोरच्याला विचारायचं.

शेवटही सांगून ठेवतो, भाषणात घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. 1998 ला दिल्लीत आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यांचा सत्कार ठेवला होता, त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात 28 जूनला गेल्या.

रात्रपाळी

हे मला माहीत नव्हतं. जरा वेळ काही सुचलंच नाही.

अबोलीताई, सहा मिनिटांत रामनांना दीड मिनिट द्या, बटाट्याला दोन, बाकी वाल आणि नीरा. मी आधी "अजिबात गाळू नका" म्हटलं होतं ते खरंच आहे, पण वरचं सगळं वाचून आता वाटतंय की मी सुद्धा इतकी वर्षं फक्त त्या दरवाज्यापाशीच उभी होते, आत त्यांनी काय केलं ते बघायला गेलेच नव्हते.

अबोली_ठाणे

ठरलं. लेकीने स्वतःच लिहायला घेतलंय, पहिलं वाक्य तिने असं केलंय, "माझ्या हातात एक बटाटा आहे आणि तो आत्ता श्वास घेतोय." मी काही सुचवलं नाही, खरंच. शेवटचा भाग दिल्लीचा ती सांगणार नाही म्हणाली, रडू येईल म्हणून.

प्रयोगवही ताई, तिचा एकच शेवटचा प्रश्न. बटाटा उकडल्यावर पण श्वास घेतो का?

प्रयोगवही

नाही गं. उकडला की विकरं मोडली, रांग मोडली, श्वास थांबला. आणि हे तिला दाखवता येईल. एक कच्ची फोड आणि एक उकडलेली फोड, शेजारी शेजारी दोन बश्यांत ठेवायच्या, दोन्हीवर पेरॉक्साइडचे सारखेच थेंब. कच्चीवर फेस येईल, उकडलेलीवर येणार नाही. कच्ची फोड ऐन वेळी चिरायला सांग, आधी चिरून नेली तर काळी पडेल. आणि उकडलेली पूर्ण गार होऊ दे मगच डब्यात भर.